बादशहाच्या घरचा टाक

बीबी का मकबरा दाखवायचं काम आमच्या घरात आजीकडे होतं. घर औरंगाबादच्या बेगमपुऱ्यात. पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आजी चपला सरकवून पुढे निघायची आणि तिच्या मागे आम्ही पोरं, पाण्याची बाटली आणि पाहुणे. चार मिनारांमधल्या पांढऱ्या घुमटाकडे बघून कुणीतरी ते वाक्य बोलायचंच : "अगदी ताजमहालाची नक्कल आहे हो!" आजी त्यावर काही बोलायची नाही. ती तडक आत, कठड्यापाशी जायची. तिथून खाली वाकून बघितलं की संगमरवरी अष्टकोनी जाळीच्या आत बीबीची कबर दिसते आणि कबरीवर पडलेली नाणी-नोटा. लोक मनात काहीतरी मागतात आणि नाणं टाकतात. आजीने कधी काही मागितलं नाही. कनवटीचं नाणं काढून ती खाली सोडायची आणि म्हणायची, "ओटी भरली."

एकदा मुंबईच्या काकूंनी विचारलंच, "अहो, कबरीची कसली ओटी?"

"बाळंतपणात गेलेली बाई आहे ती," आजी म्हणाली. "आपल्या घरी टाक असतो की नाही, तसा हा बादशहाच्या घरचा टाक."

काकूंना ते कळलं की नाही कोण जाणे. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी टाक बघितला होता तो देवघरातला : खंडोबाचा, भवानीचा, घोड्यावर बसलेल्या कुणा वीराचा. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली मूर्ती, दसरा-दिवाळीला लिंबू लावून घासायची आणि पुन्हा पाटावर मांडायची. त्या टाकात आणि या एवढ्या मोठ्या इमारतीत आजीला काय सारखं दिसत होतं, ते समजायला तिच्या दोन आयांची गोष्ट ऐकावी लागली.

आजीचं माहेर पैठणच्या बाजूला, गोदाकाठी. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. दुसऱ्या बाळंतपणात, दहाव्या की अकराव्या दिवशी, ताप चढून. मूलही राहिलं नाही. साल धड कुणाला माहीत नाही. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी लग्न होऊन आजी शहरात आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, त्यावरून मागे मोजत जायचं. म्हणजे १९३६चा सुमार, निजामाचं राज्य. व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ सालीच आपल्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले होते आणि तापाने जाणाऱ्या बाळंतिणींची संख्या झरझर उतरलेली त्याने दाखवली होती. त्याच्या गावातल्या शहाण्यांनाच ते आधी पटलं नाही. गोदाकाठच्या खेड्यात पोचायला नव्वद वर्षंही पुरली नाहीत, यात नवल नाही.

वर्षाच्या आत पणजोबांनी दुसरं लग्न केलं. नवी आली ती सोळा वर्षांची, आणि उंबरठा ओलांडून आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक टाक होता. सवतीचा टाक. पहिली बायको वारली आणि दुसरी केली तर दुसरीने पहिलीची प्रतिमा गळ्यात घालायची, अशी आपल्याकडची जुनी रीत. नखाएवढा पत्रा, त्यावर उभी बाई. गेलेलीने त्रास देऊ नये हा त्यातला उघड हेतू. पण रोजच्या वागण्यात ते भीतीपुरतं राहत नसे. कुंकू लावायचं ते आधी टाकाला मग स्वतःला. नवं लुगडं आलं की घडी टाकाला टेकवायची मग मोडायची. धाकट्या पणजीने हे जन्मभर केलं, असं आजी सांगायची. आणि मग ते वाक्य, जे मी तिच्याकडून पाच-पन्नास वेळा तरी ऐकलं असेन : "मी तिच्या मांडीवर निजले की तो टाक माझ्या गालाला टोचायचा. दोन्ही मायंला एकदमच मिठी पडायची माझी."

सावत्र आईच्या गोष्टी आपल्याला दुसऱ्याच ऐकायची सवय असते. आजीला ती तक्रार नव्हती. तिची अडचण वेगळी होती. तिला आईचं तोंड आठवत नव्हतं आणि आईचं नाव माहीत नव्हतं.

हे खरं वाटत नाही, पण तसंच होतं. घरात पहिली 'थोरली' आणि दुसरी 'धाकटी'. नवरा बायकोचं नाव घेत नसे, सासू 'अगं' म्हणायची, दीर-जावांना 'वहिनी' आणि 'जाऊबाई' पुरत होतं. त्यात लग्नात नाव बदललेलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं नाव ते, ताट हललं की मोडणारं. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला (आजी 'अहेव नवमी' म्हणायची), अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवायला घालतात. त्या दिवशी भटजींनी विचारलं, "नाव?" पणजोबा गप्प. धाकटीने दाराआडून सांगितलं, "थोरली म्हणा." भटजींनी गोत्र उच्चारलं आणि पुढचा मंत्र धरला.

आता बीबी. तिचं नाव दिलरास बानू. सफवी घराण्यातली, शाहनवाझ खानाची मुलगी. १६३७ साली औरंगजेबाशी लग्न झालं. थोरली मुलगी झेबुन्निसा १६३८ मध्ये आपल्या दौलताबादेत जन्मली. पुढे ती फारसीत कविता करू लागली आणि तिने टोपणनाव घेतलं 'मख्फी', लपलेली. आज्यांच्या गोष्टीत शोभेल असा हा योगायोग, पण इतिहासातला आहे. मुलगे-मुली मिळून दिलरासचा पाचवा आणि शेवटचा, अकबर, ११ सप्टेंबर १६५७ रोजी याच शहरात जन्मला आणि ८ ऑक्टोबरला ती गेली. पुरा महिनाही गेला नाही. मेल्यावर तिला 'राबिया-उद-दौरानी' हा किताब मिळाला. लोकांनी तोही लांबलचक म्हणून सोडून दिला आणि ठेवलं ते नुसतं 'बीबी'. म्हणजे बाई. शहरात एवढा उंच घुमट जिच्या नावाने, तिचं नाव 'बाई'! आजीच्या माहेरी 'थोरली', इथे 'बीबी'. फार फरक नाही.

ताजची नक्कल म्हणणाऱ्यांना मी आता दुसरी एक गोष्ट सांगते. ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती मुमताज म्हणजे दिलरासची सासू. तीही बाळंतपणातच गेली, १६३१च्या जूनमध्ये, इथून फार दूर नाही, बुऱ्हाणपुरात. तिचं ते चौदावं मूल. आधी तिला तिथेच, तापीकाठी पुरलं होतं. आग्र्याला नेलं ते नंतर. ताज बांधणाऱ्यांतला प्रमुख वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी, आणि आपल्या मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला हा त्याचाच मुलगा. सासू बाळंतपणात, सून बाळंतपणात. सासूची कबर बापाने रचली, सुनेची लेकाने. नक्कल म्हणायचीच असेल तर नक्कल मरणाची आहे, घुमटाची नंतर.

मकबऱ्याच्या मोठ्या दाराला पितळी पत्रा जडवलेला आहे, वेलबुट्टीचा. त्या दारावरच्या लेखात नावं आहेत ती अताउल्लाची आणि हंसपत राय या अभियंत्याची. कारागिरांची नावं राहिली याचा आनंदच आहे. फार थोड्या इमारतींच्या नशिबी ते येतं. पण आजीला शाळा नव्हती आणि फारसी तर नव्हतीच. दारावर हात फिरवून ती विचारायची, "बीबीचं नाव कुठलं यातलं?" मी लहानपणी कुठल्याही वळणावर बोट ठेवून सांगायचे, "हे." तिला खरं वाटायचं की ती माझी समजूत काढायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बांधला कुणी, याबद्दल शहराचं एक मत आहे आणि पुस्तकांचं दुसरं. शहर म्हणतं, लेकाने आईसाठी बांधला. लेक म्हणजे शहजादा आझमशहा. जाणकार तारखा मांडतात. आझम जन्मला जून १६५३ मध्ये, तोही बुऱ्हाणपुरातच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. मकबरा उभा राहिल्याचं साल १६६०-६१ धरलं तर सातचा. सात वर्षांचं पोर मकबरा कसला बांधतंय? म्हणून बांधून घेतला तो औरंगजेबानेच, आणि आझमने पुढे डागडुजी, देखरेख केली असेल, असं हे मत. मला ते पटतं. पण हा हिशेब मी कॉलेजात असताना आजीला ऐकवला तेव्हा 'चार वर्षांचा' या शब्दांपाशी ती थांबली.

"चार?" ती म्हणाली. "मग त्यानंच बांधला. चारीच्या लेकराला तोंड आठवत नाही. बापाला आठवतं, त्याला कशाला लागतो दगड?"

यावर माझ्याकडे संदर्भग्रंथ नव्हता.

खर्चाचा आकडा तिला फार आवडायचा. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त तो दिला आहे : ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. ताजच्या मानाने फारच कमी. म्हणूनच 'गरिबांचा ताज' वगैरे नावं पडली. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर, त्याच्यावर आपला काळा बेसाल्ट आणि त्याला घोटून घोटून केलेला गिलावा, पुन्हा घुमट संगमरवराचा. हात लावल्याशिवाय दगड कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो ते कळत नाही. निदान मी लहान असताना कळत नव्हतं. आता गिलाव्याचे पोपडे बोलतात. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आला. तावेर्निये हा फ्रेंच व्यापारी सुरतेहून गोवळकोंड्याला चालला होता, त्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या तीनशेएक गाड्या दिसल्या, आणि लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल, असं त्याने लिहून ठेवलंय. आजीला या तीनशे गाड्यांपेक्षा सात आणे महत्त्वाचे. "बादशहाच्या घरीसुद्धा बाईच्या मागे झालेला खर्च आण्यापर्यंत लिहिलेला असतो बघ," ती म्हणायची. आजोबांच्या वहीत तिच्या बाळंतपणांचे हिशेब होते, डिंकापासून सुईणीच्या लुगड्यापर्यंत. ती वही मी बघितली आहे.

तिची आणखी एक आवडती कथा निजामाची. सिकंदरजाह निजामाच्या मनात हा मकबरा असा भरला की त्याने तो उचलून हैदराबादला न्यायचा ठरवला. शिळा न् शिळा सुटी करायचा हुकूमही दिला. मग त्याला काहीतरी अशुभ दिसलं, हात थांबले, काढलेलं पुन्हा बसवलं आणि प्रायश्चित्त म्हणून शेजारी मशीद बांधली. पश्चिमेची मशीद मागाहूनची आहे खरी, बाकीचं ऐकीव. पण आजीच्या तोंडी शेवट वेगळा असायचा : "बीबी स्वप्नात आली न् म्हणाली, माझं बाळंतपण इथं झालं, मी इथून हलत नाही." हे तिने स्वतःचं जोडलं असणार. मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

वेरूळला गेलो की माणकावती राणीची गोष्ट. कैलास लेणं इतिहासकार राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या पदरी घालतात, आठव्या शतकात. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त मात्र ते एका राणीच्या नवसाचं आहे. राजाला दुखणं जडलं, राणीने घृष्णेश्वराला नवस केला : राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. कारागीर म्हणाले, पाया खणायचा, जोतं चढवायचं, शिखराला वर्षं लागतील. तोवर राणी कशी जगणार? तेव्हा पैठणचा कोकास पुढे आला. म्हणाला, आठ दिवसांत शिखर दाखवतो. आणि त्याने डोंगराच्या माथ्यावर छिन्नी लावली. कळसापासून पायाकडे. लेणं वरून खाली कोरलं गेलं हे तर आज कुणीही बघून सांगेल. त्याचं कारण एका उपाशी बाईच्या पोटात शोधणारी कथा कुणी रचली असेल? ती ऐकताना आजीला कोकासाचा अभिमान वाटायचा, कारण तो तिच्या माहेरचा. राणीच्या नावावरून देवळाला माणकेश्वर म्हणत; आता विचारा कुणाला वेरुळात माणकेश्वर कुठे म्हणून.

पैठणवरून एक गोष्ट निघाली. मी तिला सांगितलं की तुझ्या गावचे सातवाहन राजे आईचं नाव लावायचे. गौतमीपुत्र सातकर्णी. वासिष्ठीपुत्र पुळुमावी. तिला हे इतकं आवडलं की दोन दिवस ती शेजारणींना सांगत होती. मग मी जरा पुढे वाचलं, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं. गौतमी, वासिष्ठी ही काही त्या बायकांची स्वतःची नावं नव्हेत. ती माहेरच्या गोत्रावरून आलेली ओळख. म्हणजे राजाच्या नावात आई आहे, आईचं नाव नाही. भटजींनी गोत्र उच्चारलं आणि पुढचा मंत्र धरला, तसंच. गौतमीचं खरं नाव बलश्री, ते आपल्याला कळतं याला कारण तीच. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिने नाशिकच्या पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं भिक्षूंना दिलं आणि भिंतीवर लांब लेख कोरवून घेतला. त्यात लेकाचे पराक्रम, राजांवरचे विजय, आणि राजाची आई, राजाची आजी म्हणून स्वतःचं नाव. तिच्याही आधी जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांनी दगडात घरच्या माणसांचे पुतळे कोरले होते, रांगेने, अगदी लग्नातल्या घरच्या फोटोसारखे. वर प्रत्येकाचं नाव. त्यात देवी नायनिका, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती राणी, नवऱ्याशेजारी उभी. पुतळे केव्हाच फुटले. कुठे कुठे पावलं तेवढी शिल्लक. डोक्यावरची अक्षरं मात्र वाचता येतात.

मला नेमकं याच्या उलटं आमच्या घरी बघायला मिळालं. धाकटी पणजी म्हातारी होऊन गेली. टाक तिच्या गळ्यातून काढून देवघरात ठेवला. आजीने भावाकडे, म्हणजे सावत्र भावाकडे, तो मागितला. तो म्हणाला, "अक्का, घरातला देव बाहेर कसा देऊ?" तो चुकीचं बोलत नव्हता. मग आजी दर अहेव नवमीला माहेरी जायची. एका वर्षी मी बरोबर गेले. टाक हातात घेतला. पन्नासएक वर्षं दुसऱ्या बाईच्या गळ्याला घासून घासून तो गुळगुळीत झाला होता. बाईची आकृती होती, हात होते, नेसूचा घोळ होता. चेहऱ्याच्या जागी चांदीची चकचकीत टिकली.

पुढे कधीतरी सराफ्यात एका म्हाताऱ्या सोनारापाशी हा विषय निघाला. मी विचारलं, टाकावरचा चेहरा त्या बाईसारखा करत का? तो हसला. दुकानाच्या मागून त्याने एक जड ठसा आणून दाखवला. वर पत्रा ठेवायचा, ठोकायचा, मूर्ती उठते. बाईचा ठसा एकच. सगळ्या थोरल्यांना तोच. मी आजीला हे सांगितलं नाही.

तिच्या माहेराहून एक वस्तू मात्र आली. पितळी कळशी. पोचे पडलेली, बुडाला डाग दिलेला. भावाने आपणहून पाठवली : ही थोरलीच्या रुखवतातली. कळशीच्या गळ्याखाली नाव घातलेलं होतं. आपल्या कासारी बाजारात भांडं घेतलं की दुकानाच्या पायरीवरच एकजण छोटी छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असायचा, ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उठवणारा. तशीच ही अक्षरं. 'चि. सौ. कां.' लागतं. मग काहीच नाही. मग 'हिस आईकडून'. मधलं नाव राखेने, चिंचेने, नारळाच्या शेंडीने घासून गेलं. ज्या बाजूला हाताचा जोर पडतो ती बाजू. घासणारी पहिली बाई स्वतः तीच असणार.

आजी जाऊन आता बारा वर्षं झाली. कळशी माझ्या भावाकडे गॅलरीत असते, तुळशीला पाणी घालायला. त्याची मुलगी चित्रकला शिकते. गेल्या दिवाळीत तिने घरातली सगळी नाव घातलेली भांडी माळ्यावरून खाली काढली. पातळ कागद भांड्यावर ताणून धरायचा आणि वरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवायचं, मग खालची अक्षरं पांढरी होऊन वर येतात. परात, घंगाळ, दोन डबे, ताटं. एकूण अकरा भांड्यांवर नावं निघाली. त्यांतल्या सात भांड्यांवर देणाऱ्या मामा-काकांची नावं ठसठशीत आणि घेणारी नुसती 'सौ.'. तिला ते सगळे कागद जोडून एक मोठं गोधडीसारखं काहीतरी करायचंय, घरातल्या बायकांचं. मी तिला मकबऱ्याचं, टाकाचं, बलश्रीचं सगळं सांगितलं होतं.

कळशी तिने शेवटी घेतली. तीन कागद वाया गेले. चौथ्याला तिने कळशी खिडकीत तिरपी धरायला लावली, मी धरली, आणि ती नखाएवढ्या जागेवर अगदी हलक्या हाताने शिसं फिरवत राहिली. 'आईकडून' लख्ख आलं. त्याच्या मागे चार-पाच ठिपके.

"आत्या, हा 'ग' आहे," ती म्हणाली. "बघ ना, इथून काना खाली येतो."

मी चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. मला तिथे पोचा दिसत होता.